शिक्षा संपते, चूक उरते

जून उजाडला की शिक्षकखोलीत वर्गवाटप होते, वेळापत्रक लागते, परिपाठाच्या पाळ्या ठरतात आणि त्या गडबडीत कुणीतरी म्हणतेच, ‘यंदाची आठवी फार वांड आहे आणि आपले तर हात बांधलेले!’ या तक्रारीत तथ्य आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली. १ एप्रिल २०१० पासून ती लागू आहे आणि ती योग्यच आहे. पण छडी खाली ठेवल्यावर काय करायचे, हे बहुतेक शिक्षकांना कुणी बसवून शिकवले नाही. मग ज्याला जे सुचले ते त्याने केले. वर्गाबाहेर उभे करणे, परिपाठात नाव घेऊन पुढे बोलावणे, शंभर वेळा लिहून आणायला लावणे, ‘वडिलांना आणलेस तरच वर्गात बस’ म्हणणे. यातले काही प्रकार त्याच कलमातल्या मानसिक छळात मोडतात आणि एवढे करूनही त्याच दाराबाहेर तीच ती मुले पुन्हा उभी दिसतात.

याचे कारण शिक्षेच्या रचनेतच आहे. शिक्षा झाली की मुलाचा हिशेब शिक्षकाशी चुकता होतो. ज्याचे नुकसान झाले, तो मात्र या व्यवहारात कुठेच नसतो.

समजा, सातवीच्या एका मुलाने मधल्या सुट्टीत वर्गमित्राची विज्ञानाची वही फाडली. नेहमीचा मार्ग पाच मिनिटांचा आहे: दम, ओणवे उभे राहणे, ‘सॉरी म्हण’, आणि तास पुढे सुरू. फाटलेली वही फाटलेलीच राहते. रिस्टोरेटिव्ह, म्हणजे शिक्षेऐवजी झालेले नुकसान भरून काढण्यावर भर देणाऱ्या पद्धतीत शिक्षक दोघांनाही शाळा सुटल्यावर घेऊन बसतात आणि आळीपाळीने विचारतात: काय झाले? तेव्हा तुझ्या मनात काय चालले होते? कुणाला काय सोसावे लागले? आता हे नीट कसे करायचे? ‘का केलेस?’ हा प्रश्न जाणूनबुजून टाळतात, कारण त्यावर मूल एक तर गप्प बसते, नाही तर बहाणा रचते. वहीवाला सांगतो, ‘आठ पाने गेली. आकृत्यांसकट. उद्या तपासणी आहे.’ दुसरा बराच वेळ खाली बघतो आणि मग सांगतो की, चार दिवस हा सगळ्यांसमोर मला ‘हमालाचा पोरगा’ म्हणतोय. आता शिक्षकाच्या हाती खरे प्रकरण येते. चिडवले म्हणून वही फाडणे माफ होत नाही आणि वही फाटली म्हणून चिडवणेही. ठरते ते असे: आठही पाने शुक्रवारपर्यंत आकृत्यांसकट उतरवून द्यायची, चिडवणे आजपासून बंद, आणि शुक्रवारी तिघांनी पुन्हा बसून पाहायचे. ओणवे उभे राहण्यापेक्षा हे मुलाला जड जाते. ज्याला दुखावले त्याच्या डोळ्यांत पाहून उत्तर द्यावे लागते.

ही पद्धत शाळांत बाहेरून आली. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने बालगुन्ह्यांसाठी कुटुंबासह बैठकीची पद्धत आणली. तिच्यामागे माओरी समाजाची रीत होती. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधील मरूचीडोर इथल्या माध्यमिक शाळेत मारहाणीची एक गंभीर घटना घडली, तेव्हा समुपदेशक मार्गारेट थॉर्सबोर्न यांनी तशी बैठक शाळेत घेतली. तिथून ती अनेक देशांतल्या शाळांत गेली.

म्हणून ही जादूची कांडी आहे, असे समजू नये. इंग्लंडमधल्या ४० माध्यमिक शाळांत झालेल्या आणि २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या अभ्यासात या पद्धतीचा समावेश असलेल्या कार्यक्रमामुळे दादागिरी कमी झाली, पण थोडीच. अमेरिकेत पिट्सबर्गच्या ४४ शाळांच्या अभ्यासात मुलांना निलंबित ठेवण्याचे दिवस घटले, शिक्षकांना शाळेतले वातावरण सुधारल्याचे जाणवले, पण सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण घसरले. आपल्याला सर्वांत जवळचा धडा बिहारमधला आहे. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने नालंदा जिल्ह्यातल्या शाळांत शाळेचे वातावरण सुधारण्याचा कार्यक्रम राबवला. तो या पद्धतीचा प्रयोग नव्हता, पण दादागिरी कमी करणे हाही त्याचा उद्देश होता. जिथे प्रशिक्षित समुपदेशक नेमला, तिथे ठळक फरक पडला. जिथे तेच काम शिक्षकाच्या गळ्यात घातले, तिथे पडला नाही. साठ मुलांचा वर्ग, निवडणुकीची कामे आणि ऑनलाइन माहिती भरणे सांभाळणाऱ्या शिक्षकावर आणखी एक काम टाकून हे जमणार नाही, हे धोरण आखणाऱ्यांनी नीट ऐकावे.

दुसरा धोका आपल्या घरचाच आहे. आपल्याकडे तंटा ‘मिटवून टाकण्याची’ सवय मुरलेली आहे आणि त्यात बहुधा दुबळ्याला गप्प केले जाते. शाळेतली बैठकही तशी होऊ शकते. म्हणून ज्याला त्रास झाला त्याची मनापासून तयारी नसेल, तर समोरासमोर बसवायचे नाही. जातीवरून झालेला छळ दोन मुलांतली कुरबुर समजून आटपायचा नाही, त्याची जबाबदारी शाळेने घ्यायची. लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर पोक्सो कायद्यानुसार कळवणे बंधनकारक आहे, तिथे बैठकीचा विचारसुद्धा नको.

तरीही सुरुवात याच सत्रात करावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. आठवड्याचा एक तास वेळापत्रकात लिहूनच गोल बसून बोलण्यासाठी राखावा. भांडण नसतानाही तो घ्यावा, म्हणजे मुलांना एकमेकांचे ऐकून घ्यायची सवय होते. ज्यांना हे काम मनापासून करायचे आहे, अशा दोन-तीन शिक्षकांना मुख्याध्यापकांनी प्रशिक्षण द्यावे आणि त्यांचे काही तास कमी करावेत. जे ठरले ते वहीत लिहावे आणि ठरल्या दिवशी तपासावे. हा शेवटचा भाग गळला, तर मुले आठवड्याभरात ओळखतात की हे सगळे बोलण्यापुरतेच होते.

शिस्त शाळेला हवीच आहे. ज्याने बिघडवले त्याने निस्तरायचे, ही त्या शिस्तीची मूळ अट असली पाहिजे. मुलांकडून ती अपेक्षा ठेवायची, तर निस्तरायला लागणारा वेळ आणि माणूस शाळेनेच उभा केला पाहिजे.