परवाना आणि पत

माझी मुलगी गेल्या वर्षी दुसऱ्यांदा नापास झाली. आमच्या घराण्याला नापास होणे अगदीच परके आहे अशातला भाग नाही. मी स्वतः बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला स्टॅटिस्टिक्समध्ये गटांगळी खाल्लेली आहे, आणि त्यानंतरही तीसहून अधिक वर्षे बँकेत लोकांच्या पैशांचे हिशेब पाहिले आहेत. पण मुलीचे वय छत्तीस, शिक्षण इंजिनिअरिंगचे, पदरात पाच वर्षांचा मुलगा, आणि ती नापास झाली ती मोटार चालवण्याच्या परीक्षेत. पुण्यात अठरा पूर्ण होताच स्कूटी आणि तेविसाव्या वर्षापासून मोटार चालवणारी मुलगी! लक्ष्मी रोडला गणपतीच्या खरेदीच्या दिवसांत गाडी घालून ती सहीसलामत बाहेर काढणारी!

ती जर्मनीत श्टुटगार्टपासून जरा आडबाजूच्या गावात राहते. जावई सकाळी रेल्वेने जातात. नातवाची बालवाडी गावाच्या एका टोकाला आणि तिला मिळालेली नोकरी दुसऱ्या दिशेला वीस किलोमीटरवर. मध्ये तासाला एक बस. नोकरी देणाऱ्यांनी तीन महिने वाट पाहिली आणि मग ती जागा दुसऱ्या कोणाला तरी दिली. त्यामुळे रविवारी संध्याकाळी फोनवर "बाबा, परत राहिले," एवढेच ती म्हणाली, तेव्हा ते हसण्यावारी नेता येण्याजोगे नव्हते.

नियम असा आहे की, भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यापासून ६ महिने चालतो, तोही जर्मन भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असेल तर. सातव्या महिन्यात गाडी काढली तर ते विनापरवाना चालवणे ठरते, आणि तिकडे तो चक्क फौजदारी गुन्हा आहे. पुढे परवाना हवा असेल तर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा. लेखी परीक्षा संगणकावर, प्रश्न ३०. १०च्या वर दोषांक झाले की बाद. पाच-पाच दोषांकांचे दोनच प्रश्न चुकले तरी बाद. ही परीक्षा इंग्रजीतून देता येते आणि ती तिने पहिल्याच खेपेला दिली. प्रत्यक्ष परीक्षा ५५ मिनिटांची. शेजारी ड्रायव्हिंग स्कूलचा शिक्षक बसतो आणि मागच्या सीटवर परीक्षक. पहिल्या वेळी लेन बदलताना तिने आरशात पाहिले, पण खांद्यावरून मान वळवून पाहिले नाही. नापास. दुसऱ्या वेळी एका बिनखुणेच्या चौकात उजवीकडून गाडी येत होती. अशा ठिकाणी उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचे, हा तिकडचा नियम. नियम तिला पाठ होता. पण ती गाडी जरा दूर होती, आणि पुण्यात वाढलेल्या माणसाला 'दूर' याचा अर्थ 'आपण निघू शकतो' एवढाच कळतो. परीक्षकाने शांतपणे गाडी कडेला घ्यायला सांगितली. शिकवणीचे तास आणि दोन वेळची फी मिळून तोवर हजाराच्या वर युरो गेले होते.

"गोऱ्यांचा आकस, दुसरं काय!" सौ.ने निकाल देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी सारसबागेत फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींसमोर मी हा विषय काढला, तर प्रत्येकाच्या पोतडीतून एकेक किस्सा निघाला. निम्म्याहून अधिक जणांची मुले बाहेर. एकाचा मुलगा लंडनला; तिथे भारतीय परवान्यावर १२ महिने मुभा, मग शिकाऊ परवान्यापासून श्रीगणेशा. एकाचा जावई दुबईला. २०२३ साली तिथे भारतीयांना शिकवणीविना थेट परीक्षेला बसण्याची एक संधी मिळू लागली. ती हुकली की पुन्हा तासांच्या रांगेत. अमेरिकेत तर राज्यागणिक कायदा निराळा. एकूण सूर असा की, वीस-वीस वर्षे गाडी चालवणाऱ्या आमच्या मुलांना हे लोक शिकाऊ समजतात, हा अपमान आहे.

मलाही तसेच वाटत होते. पण बँकेतली सवय वाईट. कागद पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. ज्या देशांच्या परवान्यांना जर्मनी सवलत देते, त्यांची यादी मी मुलीकडून मागवून घेतली. त्या यादीत जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर आहेत. दक्षिण आफ्रिका आहे. नामिबियासुद्धा आहे! आता इतक्या रंगांची माणसे ज्या यादीत बसतात, तिथे कातडीच्या रंगाचा मुद्दा फार ताणता येत नाही. आपण त्या यादीत नाही, एवढेच खरे.

त्याहून गमतीची गोष्ट मला आपल्याच कायद्यात सापडली. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे नववे कलम चाचणीसंबंधी आहे. ज्याच्याकडे परदेशातल्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेला परवाना आहे, त्याला वैद्यकीय अट पुरी केल्यावर आपल्याकडे ही चाचणी देण्याची गरज नाही, असे त्यात म्हटले आहे. कोणत्या देशाचा, याची यादीबिदी काही नाही. म्हणजे त्यांचा चेक आपण डोळे मिटून वटवतो. आपला चेक त्यांच्या खिडकीवर गेला की परत येतो.

चेक परत येतो तेव्हा खातेदार नेहमी समोरच्या बँकेवर चिडतो. मी हे इतकी वर्षे पाहिले आहे. खात्यात काय आहे, हे मात्र त्याला सांगावे लागते. म्हणून आता माझे खाते उघडतो.

१९८४ साली मी एका जिल्ह्याच्या गावी शाखेत होतो. स्कूटर घेतली, परवाना हवा होता. आमच्याकडे खाते असलेला एक एजंट होता, स्वभावाने अतिशय सज्जन. त्याने माझ्याकडून दोन फोटो आणि तीन सह्या घेतल्या आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही कशाला तसदी घेता?" आठ दिवसांनी तो पाकीट घेऊन काउंटरवर आला. आत स्कूटरचा परवाना होता, आणि मोटारीचाही होता. मोटार मी तोवर बाहेरूनच पाहिली होती. "राहू द्या, पुढेमागे लागेल," असे तो म्हणाला आणि मी ते राहू दिले. खोटी सही दिसली तर मी चेक अडवत असे. इथे मात्र एका शब्दानेही हरकत घेतली नाही, उलट चहा मागवला. त्याच परवान्याची नूतनीकरणे करत मी आजवर आलो आहे. मुलीची चाचणी खरी झाली होती, पण किती खरी? तिच्याच शब्दांत, "गाडी पुढे नेली, मागे आणली, सही केली." पाच मिनिटे.

भारतात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. जर्मनीत त्याच वर्षी २,७८८. लोकसंख्या आपली त्यांच्या साधारण सतरापट आहे, मृत्यू साठपट. रस्ते, खड्डे, जनावरे, कंत्राटदार, सगळे मान्य. पण परवाना म्हणजे सरकारने सही करून दिलेली हमी आहे की, या माणसाला गाडी चालवता येते. ही हमी आपण कशी देतो हे साऱ्या पुण्याला ठाऊक आहे, तर ते श्टुटगार्टला ठाऊक नसेल असे आपण का समजावे?

इथवर माझे स्वतःपुरते समाधान झाले होते. मुलीचे नुकसान झाले, पण ती सुशिक्षित आहे, तिसऱ्यांदा बसेल. (बसली आणि पास झाली. नोकरी मात्र पहिल्यासारखी मिळाली नाही.) खरी टोचणी लागली ती भोरच्या एका मुलामुळे.

त्याचे वडील एसटीत चालक होते आणि माझ्या एका शाखेचे खातेदार. वरंधा घाटातून पावसाळ्यात, दरड कुठे आली असेल याचा अंदाज घेत, महाडला गाडी उतरवणारा माणूस. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या गाडीखाली कोणी आले नाही. मुलगाही त्याच वाटेने गेला. खासगी बस चालवतो. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. श्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. परिचारिका आणि वीजतंत्री यांच्याबरोबर वाहनचालकही त्या यादीत होते. त्या कराराचे पुढे काय झाले, हा निराळा लेख होईल. पण तेव्हा हा मुलगा अर्ज घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या ताई तिकडंच आहेत ना? माझं लायसन तिकडं चालंल का?"

काय सांगणार? सगळे पहिल्यापासून, शिवाय जड वाहनाला व्यावसायिक पात्रता वेगळी, हे सांगितले. लेखी परीक्षा परदेशी लोकांसाठी जर्मनशिवाय इतर बारा भाषांतून होते, त्यांत अरबी आहे, तुर्की आहे. हिंदी नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही, हेही सांगितले. तो ऐकून घेत होता. मग त्याने खिशातून स्वतःचा परवाना काढून टेबलावर ठेवला. बारा वर्षे घाट चढल्या-उतरल्याचा कागद. माझ्या पाकिटात माझा होता. दोन्ही एकाच मापाचे, एकाच छापाचे; उलटसुलट करून पाहिले तरी कोणाचा खरा आणि कोणाचा चहावर मिळालेला हे परीक्षकाला कळायला मार्ग नाही. मग तो दोघांनाही सारखाच अविश्वास दाखवतो. अर्थशास्त्रात आम्हाला शिकवले होते की, खोटे नाणे खऱ्या नाण्याला बाजारातून हुसकून लावते. मी त्या एजंटला चहा पाजला त्याची किंमत भोरचा हा मुलगा भरतो आहे, असे मला त्या दिवशी वाटले, आणि ते अजून जात नाही.

आपल्याकडे काहीच होत नाही असे नाही. भोसरीला नाशिक फाट्याजवळ सीआयआरटीच्या आवारात मोटारीच्या चाचणीसाठी संगणकाची नजर असलेला खास मार्ग बांधलेला आहे. आठचा आकडा, चढावर थांबून गाडी मागे न घसरू देता पुढे काढणे, उलटी गाडी घेणे, हे सगळे तिथे करून दाखवावे लागते. संगणकाला तीन सह्या आणि दोन फोटो पुरत नाहीत. असे मार्ग गावोगाव झाले आणि दहा-वीस वर्षे प्रामाणिकपणे चालले, तर कोणी सांगावे, आपणही नामिबियाच्या शेजारी जाऊन बसू. पण त्या मार्गावर लोक नापास होतात, याबद्दलची कुरकूर मी सारसबागेतच ऐकली आहे. लंडनच्या अपमानाने व्यथित झालेल्या त्याच मंडळींकडून.

दिवाळीआधी धाकट्या भावाचा फोन आला. त्याचा मुलगा अठराचा झाला, पुढे एम.एस.ला बाहेर जायचे घाटते आहे, त्याआधी परवाना हातात हवा. इकडचे तिकडचे झाल्यावर म्हणाला, "दादा, तुझ्या ओळखीत कोणी आहे का रे? म्हणजे चाचणीचं जरा सोपं करून देणारा. पोराची बारावी आहे, त्याला कुठं हेलपाटे घालायला लावतोस?"

ओळखीत एक जण होता. बँकेत एवढी वर्षे काढलेल्या माणसाच्या ओळखीत असतोच. मी म्हणालो, "नाही बुवा, कोणी नाही. त्याला रोज संध्याकाळी माझ्याकडे पाठव, मी शिकवतो." लगेच लक्षात आले की, मला तरी कोणी शिकवले होते? म्हणून रीतसर शिकवणी लावून दिली आणि पैसे मी भरले.

चढावर गाडी मागे घसरली आणि पुतण्या पहिल्या खेपेला नापास झाला. भाऊ माझ्याशी तीन आठवडे धड बोललेला नाही. पुतण्या मात्र परवा येऊन जिन्याखाली लावलेली माझी गाडी घेऊन गेला, शिक्षकाला शेजारी बसवून, 'एल'ची पाटी लावून. निघताना त्याने खांद्यावरून मान वळवून मागे पाहिले. मी गॅलरीत उभा होतो. त्याने मला पाहिले असेल असे वाटून मी हात केला, पण तो रस्ता पाहत होता.