पहिला क्रमांक विकत मिळत नाही

‘महिन्याभरात गुगलवर पहिला नंबर, नाही आला तर पैसे परत.’ लातूरच्या ट्यूशन एरियातले क्लासचालक असोत की नांदेडचे लॉजमालक, अशी हमी देणारे त्यांना गाठतातच. या हमीवाल्यांचे म्हणणे असे: क्रमांक ही तांत्रिक करामत आहे, मजकूर कसाही चालतो आणि मराठीत तर कुणी शोधतच नाही. हे तिन्ही दावे खोटे आहेत.

पहिल्या क्रमांकाची हमी कुणालाच देता येत नाही, हे खुद्द गुगलच सांगते. पैशाने मिळते ती जाहिरातीची जागा. तिच्यावर ‘प्रायोजित’ असा शिक्का असतो आणि पैसे थांबले की जाहिरातही उतरते.

आता करामतींकडे पाहू. पानाच्या पोटात ‘बेस्ट नीट क्लासेस लातूर’ हे शब्द पन्नासदा दडवायचे, ही एक. पण त्यासाठीचा कीवर्ड टॅग आपण क्रमवारीत विचारात घेत नाही, असे गुगलने 2009 मध्येच जाहीर केले आणि शब्दांचा असा भरणा त्यांच्या नियमांत स्पॅम ठरतो. दुसरी करामत म्हणजे विकत घेतलेल्या लिंक. 1998 मध्ये गुगलचे संस्थापक पेज आणि ब्रिन यांनी मांडलेल्या पद्धतीत दुसऱ्याने दिलेली लिंक म्हणजे तुमच्या पानाच्या बाजूने पडलेले मत. मतांचा बाजार मांडणाऱ्यांना आवरण्यासाठी एप्रिल 2012 मध्ये गुगलच्या क्रमवारीत ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला आणि अशा कितीतरी साइट खाली घसरल्या. हमीवाला पैसे घेऊन निघून जातो. घसरलेली साइट मालकाच्याच गळ्यात राहते.

‘मराठीत कोण शोधतो?’ मुखेडचा किंवा अहमदपूरचा पालक लेकरासाठी वसतिगृह, फी, खानावळ यांची माहिती कोणत्या भाषेत विचारणार? त्याला उत्तर सापडत नाही, याचे कारण मराठी माहिती चित्रांत कोंडलेली आहे. फीचा तक्ता फ्लेक्सच्या फोटोत, नियमावली स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, उरलेला मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये. असा मजकूर शोधयंत्राच्या हाती नीट लागतच नाही.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे: जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे, ते युनिकोड मराठीत सविस्तर लिहा. सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरहून नांदेडच्या हुजूर साहिबला येणाऱ्या कुटुंबासाठी लॉजने गुरुद्वारा किती अंतरावर आहे, रात्री उशिरा खोली मिळते का, आजीला जिना चढावा लागेल का, हे सांगावे, तेही पंजाबी-हिंदीतसुद्धा. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची माती, पेरणी, शिजण्याचा वेळ आणि चव यांवर बोरसुरीच्या शेतकऱ्याइतके अधिकाराने कोण लिहील?

याच्या जोडीला मोबाइलवर झटकन उघडणारे पान, नेमके शीर्षक आणि नकाशावरची बिनचूक नोंद हवी. गुगलचे सर्च कन्सोल हे साधन फुकट आहे. लोक कोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत पोचतात, हे त्यात दिसते. एवढे करूनही मोठ्या शहरांतल्या बड्या साइट काही शोधांत वर राहतील, हे मान्य. पण गावाचे नाव घालून विचारलेल्या प्रश्नाला गावातलेच खरे उत्तर उपलब्ध असेल, तर त्याला वर येण्याची संधी असते. ते उत्तर लिहिणे आपल्या हातात आहे, आणि हमीवाल्याच्या खिशात जाणारा पैसा त्यावरच खर्च व्हायला हवा.