शुश्रूषेचेही प्रात्यक्षिक हवे

बारामतीजवळच्या माळेगावच्या शिवारात कुठलेही नवे तंत्र नुसती पत्रके वाटून रुजलेले नाही. माळेगाव बुद्रुकच्या शेजारी शारदानगरला १९९२पासून कृषी विज्ञान केंद्र आहे आणि अशा केंद्रांची मूळ कल्पनाच ‘करून शिका’ ही आहे. मोहनसिंह मेहता समितीने ती मांडली आणि १९७४मध्ये पाँडिचेरीत देशातले पहिले केंद्र निघाले. उसाचे एक डोळ्याचे बेणे कसे तोडायचे, ठिबकची नळी कुठे टाकायची, हे इथला शेतकरी प्लॉटवर उभा राहून पाहतो, स्वतः करून बघतो, अडले की परत जाऊन विचारतो. तासभर भाषण ऐकून कोणी लागवड करत नाही.

त्याच शेतकऱ्याच्या वडिलांना स्मृतिभ्रंश झाला, की घरच्यांच्या वाट्याला मात्र भाषणच येते. तेही आले तर. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. एखाद्या सभागृहात तज्ज्ञ पडद्यावर मेंदूचे चित्र दाखवतात, प्रश्नोत्तरे होतात, चहा-बिस्किटे होतात. कार्यक्रम चांगलाच असतो. फक्त ज्या सुनेला रोज सासऱ्यांना आंघोळ घालावी लागते, ती तिथे नसते. ती घरी सासऱ्यांपाशी बसलेली असते.

हे दुखणे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधले आहे, असा समज असेल तर तो सोडलेला बरा. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. आणि त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. खेड्यात त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देतात, एवढेच.

ऊसपट्ट्यातल्या घरात ते कसे दिसते? रात्री दोनला सासरे उठतात, बॅटरी शोधू लागतात. पाण्याची पाळी आहे, मोटार चालू करायची आहे. जमीन मुलांत वाटून कितीतरी वर्षे झाली, पण उभा जन्म रात्रीच्या विजेवर भरणे केलेल्या माणसाचे पाय आपोआप दाराकडे वळतात. “मामा, आता कुठली पाळी? झोपा की,” म्हटले की ते भडकतात, कडी लावली की दारावर धक्के मारतात. “लाइट गेलीय मामा, आली की जाऊ. तोवर चहा टाकते,” असे म्हटले तर बहुधा बसतात. खरे-खोटे करत बसण्यापेक्षा त्यांच्या काळजीला उत्तर द्यायचे, हे तत्त्व सांगायला दोन मिनिटे पुरतात. दिवसभर राबून अर्धवट झोपेतून उठल्यावर तेच वाक्य न वैतागता तोंडी येणे ही निराळी गोष्ट आहे. ते सराव करूनच येते: एकीने सासरे व्हायचे, दुसरीने सून, आणि तिसरीने आवाज कुठे चढला ते सांगायचे.

आंघोळीचेही तेच. डोक्यावर एकदम तांब्या ओतला की माणूस घाबरतो, हात उगारतो. पायांपासून सुरुवात करावी, तांब्या त्याच्याच हातात द्यावा, सूचना एका वेळी एकच द्यावी. भरवण्याचा धडा तर फुकट देता येतो. शिकणाऱ्या बाईने डोळे मिटून बसावे आणि दुसरीने न बोलता तिला दहीभात भरवावा. तोंडातला घास गिळण्याआधी दुसरा चमचा ओठांवर टेकला की काय वाटते, हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आपल्याकडे अडचण अशी, की हे कौशल्य आहे असे कोणी मानतच नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृती हरवत चाललेले संस्कृतचे प्राध्यापक उभे केले. त्यांना पोटच्या पोरासारखे सांभाळणारी माहुताची बायको अमृता सुभाष यांनी साकारली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. पाहणाऱ्यांचे डोळे भरून आले, ते योग्यच होते. पण बाईच्या जातीला हे उपजतच येते, असा सोयीस्कर अर्थ त्यातून काढला, की शिकवण्याची जबाबदारी संपते.

शिकवता येते याचा पुरावा शेजारच्या गोव्यात आहे. तिथे दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांवर झालेला प्रयोग २००८मध्ये प्रसिद्ध झाला. कोकणी बोलणाऱ्या स्थानिक माणसांना, डॉक्टर-नर्स नसलेल्यांना, एक आठवडा प्रशिक्षण दिले. त्यात नाट्यरूप सरावावर भर होता. मग सहा महिने, पंधरवड्यातून किमान एकदा, ही माणसे घरोघर गेली. सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा जाच कमी झाला. रुग्णांच्या वागण्यात मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल इतका फरक पडला नाही. दुखणे होते तिथेच राहिले, पण घरच्यांना ते झेपू लागले. ही लहान गोष्ट नव्हे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हेच नवजात बाळांबाबत केले. जेमतेम शाळा शिकलेल्या गावच्या बायकांना बाळ तोलणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे शिकवले. ३९ गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. पुढे देशभरच्या आशा सेविकांच्या कामात ही पद्धत आली.

परदेशात सध्या बोलबाला आहे तो वेगळ्याच अनुभवाचा. अमेरिकेत पी. के. बेव्हिल यांनी तयार केलेल्या ‘व्हर्च्युअल डिमेन्शिया टूर’मध्ये धूसर चष्मा, जाड हातमोजे, बुटात टोचणारे तळवे आणि कानांत गोंगाट देऊन साधी कामे करायला सांगतात. अंगावर काटा येतो. पण चष्मा उतरवून घरी गेलेल्या माणसाला आंघोळ घालता येतेच असे नाही. कणव आली म्हणून हात बसत नाही. सभागृहवाले उद्या भाषणाऐवजी चष्मे आणतील, फोटो छान निघतील, आणि काम झाल्याचे समाधान मिळेल, ही भीती खरी आहे. त्यापेक्षा जपानमधल्या ओमुता शहराची कवायत अस्सल वाटते. तिथे एक स्वयंसेवक हरवलेल्या वृद्धाच्या भूमिकेत रस्त्यावर फिरतो आणि त्याला ओळखून, न दचकवता बोलते करण्याचा सराव रहिवासी करतात. माळेगावच्या एसटी थांब्यावर, कारखान्याच्या रस्त्यावर याला खर्च तो काय येणार?

बारामतीत २०१९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गावोगाव आशा आहेत, प्रात्यक्षिक कसे घ्यायचे हे शारदानगरला ठाऊक आहे. या तिघांनी एकत्र बसायला हरकत नसावी. आशांना आणखी एक काम फुकटात देऊ नये. घरभेटीचा मोबदला आधी ठरवावा. पहिल्या भेटीनंतर दुसरी, तिसरी भेट झाली तरच पूर्ण पैसे, असाही नियम करता येईल, कारण खरे प्रश्न पहिली युक्ती फसल्यावर सुरू होतात. शिवाय मुले पुण्याला नोकरीला, म्हणून आई-वडिलांपाशी पगारावर ठेवलेल्या बायका आहेत. त्यांना कोणी काहीच शिकवलेले नसते आणि बारा-बारा तास त्याच निभावतात. त्यांच्यासाठी वर्ग काढला आणि प्रमाणपत्र द्यायचे ठरवले, तर लेखी परीक्षा घेऊ नये. उमेदवार बाईने गोंधळलेल्या माणसाला उठवून, आंघोळ घालून, जेवू घालून दाखवावे आणि परीक्षकाने बाजूला उभे राहून गुण द्यावेत.