कौर सिंग नेमके कुणाच्या खात्यावर?

बेळगाव : निवडणुकीच्या धामधुमीत एक बातमी आपल्याकडे जवळजवळ कुणी वाचलीच नाही. 27 एप्रिल 2023 ला, गुरुवारी, हरियाणात कुरुक्षेत्रच्या रुग्णालयात बॉक्सर कौर सिंग गेले. वय 74. सकाळी मी दोन-तीन ओळखीच्या क्रीडाशिक्षकांना फोन करून विचारलं. दोघांना नाव आठवलं नाही. तिसऱ्यानं जरा थांबून विचारलं, "अलीबरोबर खेळलेले ते का?"

होय, तेच. पण अलीबरोबर खेळले ही त्यांची सर्वांत मोठी गोष्ट नव्हे, फक्त सर्वांत जास्त सांगितली गेलेली गोष्ट आहे.

आधी तीच सांगून टाकतो. 1980 च्या जानेवारीत मोहम्मद अली भारतात आले होते. तेव्हा ते निवृत्तीत होते. तीन वेळा जगज्जेतेपद मिळवून झालेलं होतं. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर त्यांच्या चार फेऱ्यांच्या प्रदर्शनीय लढती ठेवल्या होत्या आणि समोर आपला हेवीवेट उभा केला होता, सैन्यातला जवान कौर सिंग. निकाल लागायचा प्रश्नच नव्हता. याच दौऱ्यात अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांचा निरोप अलींना भारतात पोचला आणि मॉस्को ऑलिम्पिकवरील बहिष्काराचा प्रचार करायला ते इथूनच आफ्रिकेकडे गेले. अली गेले, फोटो राहिले. पुढची चाळीस वर्षं कौर सिंगांची ओळख त्या फोटोवरूनच होत राहिली.

आता खरी कारकीर्द. पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यातलं खनाल खुर्द हे गाव. घरची शेती, मग सैन्यात भरती. बॉक्सिंग सुरू झालं ते सैन्यातच, तेही विशी उलटून गेल्यावर. आजकाल आठ-दहा वर्षांची पोरं ग्लोव्हज घालतात, त्या हिशेबानं हा फारच उशीर. तरी 1979 ला ते हेवीवेटचे राष्ट्रीय विजेते झाले आणि पुढे काही वर्षं तो किताब त्यांनी सोडलाच नाही. 1980 ला आशियाई बॉक्सिंग स्पर्धा मुंबईत झाली, तिथं सुवर्ण. 1982 ला दिल्लीच्या एशियाडमध्ये पुन्हा सुवर्ण. 1984 ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकलाही गेले, पण तिथून पदक आलं नाही. एशियाडचं ते सुवर्ण केवढं मोठं होतं ते पुढच्या आकड्यावरून कळतं. त्यानंतर बॉक्सिंगमधलं आशियाई सुवर्ण भारताला मिळालं ते थेट 1998 ला, मणिपूरच्या डिंको सिंगकडून. मधे 16 वर्षं गेली.

सन्मानांची यादीही लहान नाही. 1982 ला अर्जुन पुरस्कार, 1983 ला पद्मश्री, 1988 ला विशिष्ट सेवा पदक. म्हणजे या माणसाला कुणी ओळखलंच नाही, दुर्लक्ष केलं, असं म्हणता येत नाही. नेमकं इथंच आपलं नेहमीचं रडगाणं चुकतं, असं मला वाटतं. "खेळाडूंची कदर होत नाही" हे आपण सवयीनं म्हणतो. कौर सिंगांची कदर झाली होती, तीही वेळेवर. पदक मिळालं त्याच वर्षी अर्जुन, दुसऱ्या वर्षी पद्मश्री. आणि तरीही 2017 ला हृदयाच्या दुखण्यानं रुग्णालयात जावं लागलं, तेव्हा त्यांच्यावर खासगी सावकाराकडून दोन लाख रुपये काढायची पाळी आली.

मग बातम्या झाल्या. सैन्यानं तीन लाख दिले. केंद्रीय क्रीडा खात्यानं कल्याण निधीतून पाच लाख मंजूर केले. त्याच वेळी आणखी एक जुनी गोष्ट बाहेर आली. एशियाडच्या सुवर्णानंतर पंजाब सरकारनं जाहीर केलेलं एक लाखाचं बक्षीस आपल्याला मिळालंच नाही, असं कौर सिंग सांगत होते. बातमी होती 2017 ची, येणं होतं 1982 चं.

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे अशा ठिकाणी हात आपोआप कॅल्क्युलेटरकडं जातो. 1982 चे एक लाख आठ टक्के चक्रवाढीनं 35 वर्षं ठेवले असते, तर 2017 ला पावणेपंधरा लाखांच्या आसपास झाले असते. दोन लाखांसाठी सावकाराचा उंबरा चढावा लागला नसता. हा हिशेब कुठल्याही सरकारी कागदावर नाही, कारण जाहीर केलेलं बक्षीस हे देणं म्हणून कुणी मांडतच नाही. दुकानदार उधारी तरी वहीत लिहितो.

आता मूळ प्रश्न. हा माणूस नेमका कुणाच्या खात्यावर मांडायचा? जन्म पंजाबचा. खेळ सैन्याचा. राष्ट्रीय स्पर्धांत सैन्यातले खेळाडू आपल्या राज्याकडून उतरत नाहीत, सेनादलाकडून उतरतात. म्हणजे पंजाबच्या क्रीडा खात्याच्या दृष्टीनं तो आपल्या संघातला नव्हे. देशासाठी खेळला म्हणून केंद्राचा म्हणावा, तर केंद्रानं पद्मश्री देऊन आपलं काम केलं. बॉक्सिंग संघटनेला चालू खेळाडूंचंच पुरेसं होत नाही. निवृत्त झाल्यावर सैन्याच्या दृष्टीनं तो एक माजी सैनिक, असे लाखो आहेत. विजयाच्या दिवशी ही सगळी मंडळी फोटोत असतात. आजारपणाच्या दिवशी प्रत्येकाला दुसऱ्याचं खातं दिसतं.

आपल्या भागातल्या वाचकांना हे फार समजावून सांगायला नको. रेशनपासून शाळेच्या माध्यमापर्यंत दोन राज्यांच्या मधली फाईल म्हणजे काय, हे आपल्याला पाठ आहे. आणि सैन्यात जाऊन खेळणं ही इथली जुनीच वाट. बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये बॉईज स्पोर्ट्स कंपनी आहे, गावाकडची पोरं घेऊन तिथं पैलवान घडवतात. त्या पोरांपैकी एखादा उद्या पदक घेऊन आला, तर तो कर्नाटकचा, महाराष्ट्राचा की सेनादलाचा यावर फ्लेक्सची स्पर्धा लागेल. पस्तीस वर्षांनी त्याच्या औषधाचं बिल कुणाकडं जाईल, याचं उत्तर आज कुणाहीकडं नाही.

बॉक्सिंगच्याच खात्यात बघितलं तरी कौर सिंग एकटे नाहीत. त्यांच्या आधीचे हेवीवेट हवा सिंग 1966 आणि 1970 च्या एशियाडचे सुवर्णविजेते, तेही सैन्यातलेच. निवृत्तीनंतर त्यांनी भिवानीत पोरं घडवली, ज्या भिवानीतून पुढं विजेंदर सिंग 2008 च्या ऑलिम्पिकचं कांस्य घेऊन आला. हवा सिंगांना प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला आणि समारंभाच्या थोडेच दिवस आधी, ऑगस्ट 2000 मध्ये, ते गेले. पुरस्कार पत्नीनं घेतला. डिंको सिंगला यकृताचा कर्करोग झाला होता. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये उपचारासाठी इम्फाळहून दिल्लीला यायचं तर गाडी नाही, विमान नाही. शेवटी बॉक्सिंग महासंघानं एअर अॅम्ब्युलन्सची सोय केली. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला, वय 42.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं उदाहरण तर सगळ्यांना माहीत हवं. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सिकंदराबादला ईएमईमध्ये असताना बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय गेले. मग पोहायला शिकून 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पद्मश्री मिळाली 2018 ला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. 1984 ला अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, 2000 सालचा. या दोघांना सन्मान उशिरा मिळाला, कौर सिंगांना वेळेवर. तरी अडचणीच्या वेळी फरक काय पडला, तर फारसा नाही. म्हणून मी म्हणतो, सन्मान कधी दिला यापेक्षा सन्मानानंतर दर महिन्याला काय येतं ते बघा.

दर महिन्याला काय येतं? केंद्राची गुणवंत खेळाडूंसाठी पेन्शन योजना 1994 पासून आहे. एप्रिल 2018 पासून आशियाई सुवर्णाला महिना 14,000 रुपये, ऑलिम्पिक सुवर्णाला 20,000. वर्षाचे 1,68,000 झाले. खेड्यात राहणाऱ्याला ही रक्कम नाकारण्यासारखी नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण हृदयाचं एक मोठं आजारपण आलं की दोन वर्षांची पेन्शन एका आठवड्यात जाते. दुसरीकडं, आज पदक जिंकणाऱ्याला कोटींत बक्षीस मिळतं. 2021 ला नीरज चोप्राला एकट्या हरियाणानं सहा कोटी जाहीर केले. त्याबद्दल तक्रार नाही, मिळायलाच हवेत. पण 1982 चं सुवर्ण आणि 2021 चं सुवर्ण यांत एवढी दरी का, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. नोकरदाराची पेन्शन महागाई भत्त्याबरोबर सरकते. खेळाडूची सरकते ती कुणाच्या तरी मनात आलं की.

गेल्या यात्रेतलं एक सांगतो. खानापूर भागातल्या एका गावात कुस्तीचा फड होता. जुन्या वस्तादांचा सत्कार ठेवलेला, वय ऐंशीच्या पुढं. नेते आले, फेटा बांधला, शाल-श्रीफळ झालं. फोटोवाल्यानं एकदा शाल नीट दिसली नाही म्हणून परत घालायला लावली. वस्ताद शाल खांद्यावर तशीच ठेवून हळूच म्हणाले, "शाल हाय घरात, साहेब. पासाचं तेवढं बघा." ज्येष्ठांचा बस पास अडकला होता, आधार कार्डावरची जन्मतारीख चुकली होती म्हणून. साहेब हसले, शेजारच्या पोराला म्हणाले, लिहून घे. त्या पोराकडं पेन नव्हतं.

कौर सिंगांच्या बाबतीत शेवटच्या महिन्यात दोन गोष्टी घडल्या. पंजाब सरकारनं नववी-दहावीच्या शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकात चार खेळाडूंची चरित्रं घ्यायचं ठरवलं. मिल्खा सिंग, हॉकीचे बलबीर सिंग सीनियर, अॅथलीट गुरबचनसिंग रंधावा आणि चौथे कौर सिंग. मरणाच्या काही दिवस आधी ही बातमी आली. निर्णय चांगला आहे, मला त्यात खोट काढायची नाही. आपल्याकडच्या पुस्तकांत खाशाबा किती ओळी आहेत, हे पालकांनी एकदा पाहावं. त्यांच्या जीवनावर पंजाबी चित्रपटही 2022 ला आला.

दुसरी गोष्ट दिल्लीतली. कौर सिंग गेले त्याच्या चार दिवस आधी, 23 एप्रिलला, ऑलिम्पिक पदकं मिळवलेले कुस्तीपटू जंतरमंतरच्या फुटपाथवर पुन्हा येऊन बसले. तक्रार लैंगिक छळाची, संघटनेच्या अध्यक्षांविरुद्ध. गुन्हा नोंदवून घ्यायला त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, आणि तो नोंदला गेला 28 तारखेला, म्हणजे कौर सिंग गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. आरोप खरे-खोटे न्यायालय ठरवेल. पण साक्षी मलिक, बजरंग पुनिया यांना पदकं आणि खेलरत्न मिळालेले असताना साधी एफआयआर नोंदवायला रस्त्यावर झोपावं लागतं, हे बघितल्यावर पदकाचं वजन किती ते कळतं. टीव्हीवर त्या रात्री जंतरमंतर होतं, कौर सिंग खालच्या पट्टीत एका ओळीत सरकून गेले.

10 मे 2023 ला आपल्याकडं मतदान होतं. प्रत्येक पक्षाचा उमेदवार तालमीत जाऊन मातीला हात लावून येत होता, व्हॉट्सअॅपवर फोटो फिरत होते. त्यांना विचारायचा प्रश्न सोपा होता : तालुक्यातले साठीच्या पुढचे राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय खेळाडू किती, आणि त्यांची यादी कुणाकडं आहे? मी तालुक्याच्या दोन कार्यालयांत विचारलं. एकानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं पहिल्याकडं.

तोवर आपल्या हातातलं काम करू. तुमच्या गावात ऑलिम्पिक, पॅरालिम्पिक, एशियाड, राष्ट्रकुल किंवा जागतिक स्पर्धेतलं पदक मिळवलेला, खेळातून निवृत्त झालेला आणि तिशी ओलांडलेला कुणी असेल, तर केंद्राच्या पेन्शनसाठी अर्ज करता येतो. हलाखीत असलेल्या खेळाडूला उपचारासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय कल्याण निधीकडं वेगळा अर्ज करावा लागतो, कौर सिंगांना पाच लाख असेच केंद्राच्या कल्याण निधीतून आले. दोन्ही केंद्राच्या योजना असल्यामुळे कर्नाटक की महाराष्ट्र हा वाद तिथं येत नाही. स्पर्धेचं प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, बँक पासबुक एवढं आधी एका पिशवीत गोळा करून ठेवा. आणि आधारवरची जन्मतारीख प्रमाणपत्राशी जुळते का, ते आजच बघून घ्या.