आयफोन की अँड्रॉइड? आधी हप्ता कोण भरणार ते बघा

मिरजेच्या माझ्या मामेभावाला यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. लगेच त्याचा फोन आला, "भाईजान, आयफोन घेऊ की अँड्रॉइड?" खानदानात सॉफ्टवेअरवाला मी एकटाच, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडेच येतात. हिशेब त्याने आधीच करून ठेवला होता. चोवीस हप्ते, आणि ते भरणार मामू. मामूंचं वेल्डिंगचं दुकान आहे. कारण काय, तर "वर्गात सगळ्यांकडे आहे."

आयफोन वाईट नाही. कामासाठी मी दोन्ही वापरतो. 2015 च्या आयफोन 6एसला 2021 चं आयओएस 15 सुद्धा मिळालं. त्या काळातल्या बहुतेक अँड्रॉइड फोनचे अपडेट दोन-तीन वर्षांत बंद व्हायचे. पण आता चित्र बदललंय. सॅमसंगच्या गॅलॅक्सी ए16 5जी सारख्या साध्या फोनलाही कंपनीने 6 वर्षांच्या अपडेटचा शब्द दिलाय. फोन घेताना कॅमेऱ्याआधी हे विचारा.

आणि याला तर कोडिंग शिकायचंय. अँड्रॉइडचं ॲप विंडोज किंवा लिनक्सच्या जुन्या लॅपटॉपवरही बनवता येतं, प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच 25 डॉलर. आयफोनच्या ॲपसाठी मॅक लागतो आणि ॲप स्टोअरवर टाकायचं तर दर वर्षी 99 डॉलर. पहिल्या वर्षाच्या मुलाला यापुढे आणखी काय सांगायचं?

"पण प्रायव्हसी?" त्याने विचारलं. प्रश्न रास्त आहे. ॲपलने 2021 मध्ये आयओएस 14.5 पासून इतर ॲपमध्ये माग काढण्याआधी परवानगी मागणं सक्तीचं केलं, ते चांगलंच झालं. तरी नोव्हेंबर 2020 ची बातमी आठवा. 9 कोटींहून अधिक वेळा डाऊनलोड झालेल्या मुस्लिम प्रो या ॲपमधून लोकेशन एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होतं, आणि तिच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे ठेकेदार होते, असं मदरबोर्डने उघड केलं. ॲपने तो करार संपवला. डिसेंबरात ॲपल आणि गुगल दोघांनीही एक्स-मोडचा कोड ॲपमधून काढायला लावला. दोघांनीही, म्हणजे तो कोड दोन्ही दुकानांत होता. महागडा फोन घेतलेलाही सुटला नव्हता.

नमाजच्या वेळेसाठी ॲपला तुमची गल्ली कळायची गरजच नसते. रेखांशाच्या एका अंशाला 4 मिनिटांचा फरक. मिरज आणि सांगलीत अर्ध्या मिनिटाचाही नाही. आयओएस 14 आणि अँड्रॉइड 12 पासून अचूक लोकेशन बंद करून अंदाजे लोकेशन देता येतं. शहराचं नाव हाताने टाकलं तर तेही नको.

राहिला 'नो कॉस्ट' हप्ता. क्रेडिट कार्डाचं बिल नीट वाचा. बँक बहुतेकदा व्याज लावतेच, तेवढी सूट आधी किमतीतून वजा केलेली असते. वर व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी. ज्या घरात सूद नको म्हणून गृहकर्ज घेत नाहीत, तिथे फोनचा हप्ता मात्र मुकाट्याने चालतो, याचं मला नवल वाटतं.

त्याने शेवटी रोखीत अँड्रॉइड घेतला, थोडा रुसूनच. दोन दिवसांनी मामूंचा फोन आला, "ते लोकेशन बंद कसं करायचं रे बेटा?" दहा मिनिटं एकेक ॲप तपासत बसलो. त्यांच्या टॉर्चच्या ॲपलाही लोकेशन दिलेलं निघालं.