गंज झाकायचा की कापायचा?

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी बेंगळुरूला इंदिरानगरमध्ये मामांकडे राहिलो. मामा ई.एम.ई.मधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या अंगणात साठच्या दशकातला एक जुना पिकअप उभा आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका सडला होता की खालची जमीन दिसायची. दारांची खालची कड मात्र ठीक वाटत होती. मी म्हटलं, "मामा, भोकं पुटीने भरू आणि रंग मारू. आठवड्यात गाडी रस्त्यावर येईल." मामांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक दाराच्या त्या 'ठीक' कडेवर टेकवून दाबलं. ते आरपार गेलं. आत नुसती पुटी होती. "अरे, तुझ्याआधी कुणीतरी हेच केलंय," ते म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस मी त्यांचा हेल्पर होतो. आधी बॅटरी सोडवली, पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेऊन ठेवली. मग चांगला धातू लागेपर्यंत सडका पत्रा कापत गेलो. भोकाचा आकार पुठ्ठ्यावर घेतला. पुठ्ठा नीट बसेपर्यंत चार वेळा कापावा लागला. जे. सी. रोडवर फिरूनही तयार पॅनेल मिळालं नाही, म्हणून १८ गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा साधा पत्रा आणला. वाळूच्या पिशवीवर ठेवून हातोडीने त्याला गोलाई दिली, लाकडी ठोकळ्यावर कड मोडली.

खरी परीक्षा वेल्डिंगची. एका टोकापासून सलग वेल्डिंग ओढत नेलं तर पत्रा तापून फुगतो आणि थंड होताना आकसून वाकडा होतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा समोरच्या बाजूला आणि पत्रा निवल्यावर तिसरा. जोडही एकावर एक चढवला नाही, कडेला कड भिडवली. चढवलेल्या जोडात पाणी साचतं आणि गंज पुन्हा तिथूनच सुरू होतो. एका पॅनेलला अख्खी दुपार गेली.

कॅडेट मित्रांनो, हे सविस्तर सांगण्याचं कारण आहे. तपासणीच्या आदल्या रात्री सगळं चकाचक करण्यात आपण पटाईत आहोत. कपाटाचा दिसणारा खण नीट लावलेला असतो आणि बाकीचं सामान पलंगाखाली ढकललेलं असतं. न समजलेला धडा पाठ करून चाचणीत उतरवतो. ही पुटीच आहे. आम्ही प्रशिक्षकही यात मागे नाही. तपासणीआधी भिंतीच्या ओलीवर चुना मारायला आम्हीच सांगतो. पुटी त्या दिवसापुरती चालते, पण तिच्याखाली गंज वाढत राहतो.

इंदिरानगरपासून जवळच एच.ए.एल. आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने हा कारखाना उभारला. १९४३ मध्ये तो अमेरिकी हवाई दलाच्या हाती गेला आणि तिथे महायुद्धातल्या विमानांची दुरुस्ती होऊ लागली. आपल्या ई.एम.ई.चा जन्मही १९४३ चाच. नवी यंत्रं पुरेशी नसतात तेव्हा बिघडलेलं यंत्र पुन्हा उभं करणारे हात सैन्याला तारतात.

आता पालकांच्या दोन शंका. पहिली: "आमच्या मुलाला अधिकारी व्हायचंय, डेंटर नाही." अधिकाऱ्याने स्वतः वेल्डिंग करावं असं मी म्हणत नाही. पण समोरचं काम खरं आहे की वरवरचं, हे त्याला ओळखता यायला हवं. ज्याने एकदा पत्रा वाकडा करून पाहिला आहे, तो कारागिराला "तासात संपव" असं सांगणार नाही.

दुसरी शंका धोक्याची, आणि ती रास्त आहे. म्हणून माझी सूचना अशी: छंदवर्गात पत्राकामाचं एक टेबल असावं. पहिलं वर्ष फक्त पुठ्ठा, कात्री आणि हातोडी. वेल्डिंग वरच्या वर्गांनाच, तेही प्रशिक्षक समोर असताना. तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा, हातात चामडी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि शेजारी अग्निशामक. जस्त चढवलेल्या पत्र्याला मुलांनी हात लावायचा नाही, कारण वेल्डिंग करताना त्याचा धूर बाधतो.

एक सवय मात्र पहिल्याच दिवशी लावावी: नोंदीची. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते, पण ते मूळ रूपात असावं लागतं. सांगाड्यात किंवा बॉडीत मोठे बदल चालत नाहीत. माझ्या मते मूळ आकाराचा हाताने घडवलेला पत्रा ही दुरुस्ती आहे, बदल नव्हे. पण ते दाखवताही आलं पाहिजे. म्हणून मामांनी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला आणि वहीत तारीख टाकली.

मी निघालो तेव्हा गाडीला रंग लागलेला नव्हता, फक्त प्रायमर होता. मामांनी माझ्या हाती तोच स्क्रूड्रायव्हर दिला आणि म्हणाले, "दाब." मी जोर लावून दाबला. पत्रा हलला नाही.