पुडा उलटा करून पाहा

दिवाळी आली, की आमच्या घरात दोन गोष्टींचा सुळसुळाट होतो. एक मुंग्यांचा आणि दुसरा जाहिरातींचा. मुंग्या निदान फराळाच्या डब्यापुरत्या येतात. जाहिरात मात्र दारातून येते, वर्तमानपत्राच्या घडीतून येते आणि आता तर खिशातल्या फोनमधूनही डोकावते. या अंकातही ती असेलच. तिचा आधार नसता तर दिवाळी अंक या किमतीला आपल्या हाती पडला नसता, हे मी जाणतो. म्हणजे ज्या ताटात जेवतो आहे, त्याच ताटाविषयी मी कुरकुर करणार आहे. संपादकांनी क्षमा करावी!

मुळात जाहिरातीला माझा विरोध नाही. आपल्यापाशी कोणता माल आहे हे विकणाऱ्याने चार लोकांना ओरडून सांगावे. बोहारणीपासून भाजीवाल्यापर्यंत सारे ओरडतातच. माझे भांडण आहे ते एका सुशिक्षित वाक्याशी. फसव्या जाहिरातींचा विषय निघाला, की बैठकीतला एखादा चतुर गृहस्थ सुपारी कातरता कातरता म्हणतो, "अहो, जाहिरात ती जाहिरात! ती कोणी खरी मानतो का?" सगळे हसतात आणि विषय तिथेच संपतो. हे वाक्य मला खुद्द जाहिरातीपेक्षाही घातक वाटते.

मानतात, साहेब. माझ्या अक्काने मानली. अक्का माझी थोरली बहीण. वय पासष्ट, मधुमेह पंधरा वर्षांचा. एका चूर्णाच्या जाहिरातीत 'मधुमेह मुळापासून नाहीसा, गोळ्या कायमच्या बंद' असे ठळक अक्षरांत छापले होते आणि शेजारी एका प्रसन्न आजोबांचे छायाचित्र होते. भाऊबीजेच्या ओवाळणीतून तिने तीन महिन्यांच्या चूर्णाचे पैसे भरले. त्यात माझीही ओवाळणी होती. गोळ्या तिने बंद केल्या. पौषात पायाची जखम चिघळली आणि तिला इस्पितळात न्यावे लागले. पाय वाचला, दोन बोटे गेली. "तू हे खरे मानलेस तरी कसे?" असे कोणी विचारले, की ती अजून मान खाली घालते. मान खाली घालायची ती कोणी, एवढाच माझा प्रश्न आहे.

औषधे आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी घालणारा कायदा आपल्या देशात 1954 साली झाला. त्याच्या यादीत मधुमेह आहे, मोतीबिंदू आहे, कर्करोग आहे, लठ्ठपणा आहे. माणसाची उंची वाढवणेसुद्धा आहे. हे विकार बरे करण्याचे औषध म्हणून जाहिरात देणे हाच मुळी गुन्हा. चूर्णात काय घातले होते, हा प्रश्न त्यानंतरचा. तेव्हा गोळ्या बंद करण्याचे वचन जो देतो, त्याचे वचन हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा समजावा, आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून एकही गोळी सोडू नये.

पण अशा उघड थापा एक वेळ पुरवल्या. खरी कारागिरी दिसते ती जिथे एकही शब्द खोटा नसतो तिथे. अभ्यंगस्नानाचा साबणच घ्या. वेष्टनाच्या पुढच्या बाजूला गुलाब असतो, चंदन असते, एखादी हसरी नटी असते. वडी उलटी करावी, म्हणजे बारीक अक्षरांतली हकीकत सुरू होते. भारतीय मानकाप्रमाणे अंगाच्या साबणाच्या तीन प्रती आहेत. पहिल्या प्रतीत मेदांश किमान 76 टक्के हवा, दुसरीत 70 आणि तिसरीत 60. ज्या वडीवर 'बेदिंग बार' असे छापलेले असते, तिला 40 टक्केही पुरतात. मेदांश म्हणजे साबणातला खरा ऐवज. वेष्टनावर 'टीएफएम' या तीन अक्षरांपुढे त्याचा आकडा असतो. गेल्या वर्षी वाण्याच्या दुकानात मी दोन वड्या ताडून पाहिल्या. नटीवाली 'बेदिंग बार' निघाली. साध्या कागदातली पहिल्या प्रतीची होती, आणि चार रुपयांनी स्वस्त!

खाण्याच्या पुड्यांचेही तेच. त्यावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पुढे बदामाचे चित्र आणि मागे मैदा, साखर, तेल अशी वरात निघून गेल्यावर सातव्या जागी बदाम, असे दिसले की आपण कशाचे पैसे देत आहोत ते कळते. 'पन्नास टक्क्यांपर्यंत सूट' या शब्दांत सारा जीव 'पर्यंत'मध्ये असतो. शिवाय सूट ज्या कमाल किमतीवर मिळते, ती किंमत बहुतेक मालावर उत्पादक स्वतःच ठरवून छापतो. आधी चढवावी आणि मग उदारपणे उतरवावी, इतके ते सोपे आहे. म्हणून सुटीच्या आकड्याकडे पाहूच नये. एका ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती पैसे पडतात, हे आता पुड्यावर छापावे लागते. तो आकडा ताडावा. आणि चांदणीचे चिन्ह दिसले, की तिच्या मागोमाग पानाच्या तळापर्यंत जावे. 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक नियमांप्रमाणे खालचा खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टाइपात असायला हवा. नसेल, तर तिथेच पाणी मुरते आहे.

"सणासुदीला कुठे कटकट करायची?" हे आपले दुसरे लाडके वाक्य. कटकट फारशी नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. जाहिरातीत मालाची भलावण करणारे नामांकित लोकही त्यातून सुटत नाहीत. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. लागतात फक्त दोन कागद : जाहिरातीचे कात्रण आणि खरेदीची पावती. आपण कात्रण रद्दीत घालतो आणि पावती मागायला लाजतो.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो आहे? अक्काच्या चूर्णाची तक्रार आम्ही केलीच नाही. कात्रण रद्दीत गेले होते, पावती कोणी मागितली नव्हती, आणि "झाले ते झाले" असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. ते चूर्ण त्यानंतर आणखी किती घरांत गेले असेल, याचा विचार आला की मला दोन घास गोड लागत नाहीत.

यंदा भाऊबीजेला अक्का यायची आहे. ओवाळणीच्या ताटात नेहमीच्या पाकिटाबरोबर मी तिला एक भिंग घालणार आहे. दिवाळीची भेट म्हणून जरा चमत्कारिकच. पण पुड्याच्या मागची अक्षरे तिच्या डोळ्यांना फार बारीक पडतात.